पावलूची चूल

४ फेब्रुवारी
मागच्या खोलीतला भाडेकरू पाउलो आज पाचव्यांदा म्हणाला, "चला ना, सुनंदाताईंकडे जेवायला." पाचव्यांदा मी पोट बिघडल्याचं सांगितलं. माझ्या पोटाची त्याला आता खरोखर काळजी वाटायला लागली आहे. माणूस पोर्तुगालचा, वर्षापूर्वी महाप्याच्या कंपनीत मशिनं बसवायला आलेला; मराठी इथेच शिकला. रोज संध्याकाळी गावठाणातल्या सुनंदाताईंच्या खानावळीत जेवतो.
खरं कारण त्याला कसं सांगू? दिवाळी अंकात मी गावठाणातल्या लग्नांवर लिहिलं होतं : 'नवरीपेक्षा सोनं जड, सोन्यापेक्षा स्पीकर.' लोक हसले. सुनंदाताईंनीही वाचलं. तेव्हापासून खानावळीसमोरून मी फोनवर बोलत जातो. पलीकडे कुणी नसतं.

७ फेब्रु.
पा. सांगत होता, त्यांच्याकडेही खारवलेला सुका मासा सणाला करतात. खानावळीत पहिल्या दिवशी सुक्या बोंबलाचा वास आला आणि ह्याचे डोळे भरले. सुनंदाताईंनी तेव्हाच त्याचा 'पावलू' करून टाकला. "पावलू, आजून येक बोंबील घे. लाजतंस कनाला?" हुबेहूब नक्कल करतो. सौ. हसून हसून खाली बसली. मीही हसलो.
मग जरा आत तुटलं. ते 'लाजतंस कनाला' त्याच खानावळीत बारा वर्षं मला ऐकायला मिळायचं.

९ फेब्रु.
सौ.ला विचारलं, माफी मागू का?
"कशाची? विनोद चांगला होता." भाजी निवडत राहिली. मग, "माणसंही चांगली होती. तेवढं लिहायचं राहिलं तुमचं."
दिवसभर काही लिहून झालं नाही.

१२ फेब्रु.
सुनंदाताई घरी! मुलीचं लग्न. कुंकू, अक्षता, सोबत जाऊबाई. सौ.ला कुंकू लावलं. माझ्याकडे न बघता भिंतीवरच्या घड्याळाला सांगितलं, "लगीन रविवारी हाय, दुपारचा. घरटी येक."
म्हणजे घरातून एकानेच यायचं. ओळखपाळख असलेल्यांना तेवढंच असतं.
मग मागच्या दाराशी गेल्या आणि आवाजच बदलला. "पावलू! तुला चूलबंद हाय, ध्यानान ठेव!"
चूलबंद म्हणजे त्या दिवशी चूल पेटवायची नाही, अख्ख्या घराने मांडवात जेवायचं. हा मान सख्ख्या भावकीचा. साताऱ्याहून येऊन मला इथे बावीस वर्षं झाली, मी घरटी एक. वर्षभराच्या पाहुण्याला चूलबंद. आणि त्याच्याकडे चूलच नाही! साधी शेगडी नाही. सकाळची चहा-पोळी आमच्याच ओट्याशी उभा राहून खातो.
विनोद उत्तम होता. या वेळी माझा नव्हता, एवढंच.

१३ फेब्रु.
पा.ने चूलबंदचा अर्थ विचारला. सांगितला.
"म्हणजे माझी चूल पेटता कामा नये?"
"नाही."
"पेटली तर ताईंचा अपमान?"
"मोठा."
वहीत लिहून घेतलं. इंजिनियर. मी उगाच पुरवणी जोडली, "तुझ्या नसलेल्या चुलीवर नीट लक्ष ठेव हं."
जीभ. तिचं काही करता येत नाही.

१५ फेब्रु., रविवार
सकाळी सातला पा. आला. नवा झब्बा, उलटा घातलेला. थेट ओट्याखाली वाकला आणि सिलिंडरचा रेग्युलेटर बंद केला.
"अरे, दूध!" सौ. ओरडली.
"वहिनी, माझी चूल हीच ना? दुसरी कुठे आहे? आज बंद."
"आणि आम्ही काय खायचं?"
"या चुलीवर जेवणारे सगळे मांडवात. काकांनीच सांगितलं." वही काढून दाखवायला लागला.
शेवटी बोललो. म्हटलं, बाबा रे, आम्हाला एकालाच बोलावलंय. ताई माझ्यावर रागावल्यात. त्यांच्या लग्नांची मी टिंगल केली, तीही छापून.
"ठाऊक आहे. तो अंक गल्ल्याच्या खणात आहे. मला दाखवला त्यांनी."
"काय म्हणाल्या?"
"म्हणाल्या, वाकडा लिवतो." वही मिटत पुढे, "पण रोज विचारतात, पोट बरा हाय का त्यांचा? मी सांगतो, अजून नाही."
सौ. माझ्याकडे बघत राहिली. मी दुधाच्या पातेल्याकडे.

साडेअकरा. दूध तापवलेलं नाही, चहा नाही. सौ.ने ठेवणीतली साडी काढली आहे. पा. झब्बा सुलटा करून, चपला घालून दाराशी उभा. आमंत्रण एकाचं, निघालोय दोघं. ताईंसमोर उभं राहून काय बोलायचं, सुचत नाही. छापायचं होतं तेव्हा बरं भराभर सुचलं.
पोट मात्र ठणठणीत आहे. भूक सडकून लागली आहे.