पहिला घास आजोबांना

३ नोव्हेंबर, सोमवार
घरगुती पाळणाघरांची नवी नियमावली वाचून संपवली. पेपरला बातमी उद्या देतो. सगळी संस्कृत सूत्रांची शैली – वाक्यं आखूड, आणि अर्थ उलगडणारा भाष्यकार अजून जन्माला यायचाय. तरी बहुतेक नियम शहाणे. उन्हाळ्यात एका घरी डाळीचं पातेलं पोरावर कलंडलं, तेव्हापासून हे हवंच होतं.

एक नियम मात्र खालच्या मजल्यावर जाऊन वाचून दाखवावा लागला. जिथे मुलं सांभाळायची, त्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस नसावं.

खाली नवसाबाई नऊ मुलं सांभाळतात. आया सातपूरच्या कारखान्यांत. आतल्या खोलीत त्यांचे यजमान रावजी, अर्धांगाने पडून. इगतपुरीला रेल्वेत होते. दुपारी मुलं त्यांच्या खाटेभोवती निजतात. रावजी सांगतात, "घाट लागला. बोगदा आला. डोळे मिटा." नऊच्या नऊ मिटतात. मला दुपारी झोप येत नाही. एकदा जाऊन पडावं म्हणतो.

नवसाबाई म्हणाल्या, "मंग यांना कुठं ठेवू? माळ्यावर?"
आतून रावजी, "माळ्यावर उंदरं लय."

५ नोव्हेंबर, बुधवार
उद्या तपासणी. नवसाबाईंसारखी बरीच घरं एका संस्थेच्या जाळ्यात आहेत. नियमात बसलं नाही ते घर बाद, मुलं दुसरीकडे. दुसरीकडे म्हणजे कुठे, हे सूत्रकार सांगत नाहीत.

तोडगा निघाला. आतली खोली बंद ठेवायची. तिथे माझी पुस्तकं आहेत, असं मी सांगायचं.
"म्हंजे मी ग्रंथ झालो शास्त्रीबुवा," रावजी म्हणाले.
"जीर्ण पोथी," मी म्हणालो. "पानं सुटलेली."
हसताना त्यांचा एकच गाल हलतो.

६ नोव्हेंबर, गुरुवार
संस्थेच्या पर्यवेक्षिका हर्षाली मॅडम आल्या. वय तिशीचं, बोलणं मऊ, नजर तिखट. गॅस पाहिला, बटणं पाहिली, मोरीची कडी पाहिली. सगळं ठीक. बंद दाराकडे बोट केलं तेव्हा मी पुस्तकांचं सांगितलं. चेहराही पंडिताचा केला.

जेवणाची वेळ आमच्यापैकी कुणाच्या ध्यानात आली नाही. या घरात पहिला घास आजोबांना. नवसाबाईंनीच लावलेली सवय, रोज एकेकाची पाळी. आज इन्शाची. मुठीत वरणभात घेऊन ती बंद दारापुढे जाऊन उभी राहिली.
"आजोबा, आ करा."
आतून काही नाही. तिने दारावर लाथ मारली. मग रडायला लागली. भात कोपरापर्यंत ओघळला.
आतून आवाज आला, "रडू नको बाय. कडी काढा म्हण त्यांना."

कडी मॅडमनी काढली. माझ्याकडे वळून एवढंच म्हणाल्या, "पुस्तकं?"
इतकं संस्कृत शिकलो, आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाचत राहिलो.

इन्शाने घास भरवला. तो होईपर्यंत मॅडम थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, "मावशी, आग लागली तर आधी कोणाला उचलाल?"
नवसाबाईंनी मुलांकडे पाहिलं, खाटेकडे पाहिलं. कोरडे हात पदराला पुसत राहिल्या.
रावजीच बोलले. "पोरांना. त्यात इचारायचं काय?" मग नवसाबाईंना म्हणाले, "योगेशला फोन लाव. नांदगावला न्यायला ये म्हणावं."

८ नोव्हेंबर, शनिवार
त्यांचा मुलगा योगेश जीप घेऊन आला. आज कारखाने बंद, म्हणून मुलं नव्हती. ते बरं झालं.
"महिनाभर जा. मंग बघू," नवसाबाई.
"तू पोरं बघ," रावजी.
जीपमध्ये त्यांचे पाय मी धरले होते. हलके लागले.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
मान्यता आली. शेरा – उत्तम! कौतुक करायला खाटेवर कुणी उरलेलं नाही.
दुपारी मुलं निजत नाहीत. नवसाबाईंनी बोगदा करून पाहिला. इन्शा म्हणाली, "तुझा नको."

१७ नोव्हेंबर, सोमवार
योगेशचा फोन. बाबा जेवत नाहीत. नवसाबाई त्याच्यावर ओरडल्या, "चमच्यानं नाय खायचे ते. हातानं भरव." शनिवारी त्या स्वतः जाणार.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
पहाटे योगेशचा पुन्हा फोन आला. नवसाबाई सकाळच्या गाडीने नांदगावला गेल्या. सावकाश साडी नेसून, मुलांचा वरणभात शिजवून गेल्या. घाईचं काही उरलं नव्हतं.

आयांना सुट्टी मिळत नाही. नऊही मुलं माझ्याकडे आहेत. मुलं सांभाळणाऱ्याची नियमाने लागते ती पोलीस पडताळणी माझी झालेली नाही, म्हणून हर्षाली मॅडमना मीच फोन करून सगळं कळवलं. मुलं जेवली का, एवढं त्यांनी विचारलं. मग म्हणाल्या, "दार लावून घ्या. मी येते सांभाळायला."