गावच्या फलकावरील माझे नाव

लीड्स, ३ मे १९६१

प्रिय भगिनी एनिड हीस अनेक आशीर्वाद.

मी, एम्ब्रोज मेटकाफ, वय वर्षे सत्त्याहत्तर, शिक्षण चौथीपर्यंत, येथील विद्यापीठाचा निवृत्त द्वारपाल, सत्य तेच लिहितो.

विद्यापीठात गेलेल्यांच्या फलकावर गावची शाळा माझे नाव पहिले लावणार असून पदवीचे वर्ष हवे, असे तू कळविलेस. पदवी नाही. एकेचाळीस वर्षे मजजवळ केवळ किल्ल्या होत्या. आई शेजारणींना सांगे, "आमचा एम्ब्रोज विद्यापीठात असतो!" तिचे बोलणे खोटे नव्हते, माझे गप्प राहणे खोटे होते. तरी नाव लावू देऊ नये.

सकाळी मोठे दार उघडताच रिकाम्या दालनातून मेणाचा वास येई. तो अद्याप आठवतो.

येथवर द्वारपालांच्या खोलीत बसून लिहिले, तोच रसायनशास्त्राच्या डॉक्टर हॉल्डेनबाई डोकावल्या आणि त्यांनी पत्र वाचले.

"काय हो मेटकाफ, मी शिकत होते तेव्हा रोज उशिरा यायचे. दार कोण उघडायचं?"

"मीच. रागावतही मीच असे."

"मग? तुम्ही नसता तर मी बाहेरच राहिले असते. लावू द्या की नाव!"

बाईंचे म्हणणे पटले. सबब नाव लावावे. मात्र वर्षाच्या जागी 'द्वारपाल' असे स्पष्ट लिहावे.

माझा खोकला किरकोळ आहे. तुझा गुडघा कसा आहे?

तुझा वडील बंधू,
एम्ब्रोज

समक्ष हजर: डॉक्टर विनिफ्रेड हॉल्डेन, आणि हल्लीचे द्वारपाल सिरिल बूथ, ज्यांनी माझी सही होईपर्यंत दार उघडे ठेवले.