भिंतीपाशी दोन सेकंद

४ मे, सोमवार

राखीव! मी! अकरा वर्षं या तलावात पोहतेय, आणि आज सरांनी फळ्यावर चार नावं लिहिली, खाली रेघ मारली आणि रेघेखाली माझं नाव. चौथी कोण, तर फुलपाखरू! रोज नवा रंगीत पोशाख घालून येते म्हणून आम्ही तिला तसं म्हणतो. येऊन वर्षही झालेलं नाही.

सरांना जाऊन विचारलंच. "ताई, वेग तुमचा उत्तम, पण भिंतीपाशी तुम्ही चहा प्यायला थांबता." सगळ्यांदेखत! सगळ्या फिदीफिदी हसल्या.

म्हणे हाताने भिंत धरून वळण्यात माझे दोन सेकंद जातात. फुलपाखरू पाण्यातच कोलांटी मारते, पायांनी भिंतीला रेटा देते आणि सुटते. चाळिशीपुढच्या बायकांची रिले आहे, चौघी, प्रत्येकी पन्नास मीटर. आमच्या तलावाला पहिल्यांदाच बाहेरून बोलावणं आलंय. मला त्या चौघींत असायचंच आहे. मी कधीच कशात नव्हते.

५ मे

लॅबमध्ये दिवसभर कवळ्या घासल्या. लोकांचे दात बनवत होते आणि स्वतःचे दातओठ खात होते. शेजारच्या टेबलावरची म्हणाली, "कवळीशी भांडलीस का गं?"

सर नमले. २४ तारखेला आम्हा दोघींची चाचणी. जी पुढे, ती चौथी. बघतेच!

८ मे

कोलांटी मारली. नाकात पाणी, कानात पाणी, पाय हवेत — भिंत राहिली दीड हात लांब! वर आले ती थेट शेजारच्या लेनमध्ये. तिथे एक आजोबा निवांत तरंगत होते, त्यांच्या पोटावर माझी लाथ. "बाई, रस्ता चुकलात!" म्हणाले. मेल्याहून मेल्यासारखं झालं. सर काठावरून बघत होते, बघू देत.

१३ मे

लेकीला घेऊन गेले. काठावर बसून फोनमध्ये माझं सगळं टिपत होती. मग मलाच शिकवायला लागली! "आई, तू भिंतीच्या आधी मान वर काढून बघतेस. भिंत कुठे पळून जात नाही. खाली तळावरची काळी रेघ आडवी झाली की मार कोलांटी. आणि नाकाने हवा सोडत राहा, गाणं गुणगुणल्यासारखी."

हिला चालायला मी शिकवलं! पण कार्टीचं खरं निघालं. रेघ आडवी झाली, हनुवटी छातीला, गुडघे पोटाशी — आणि पाय थाडकन भिंतीवर! आनंदाने ओरडले. पाण्याखाली. अर्धा तलाव प्यायले.

२० मे

दहात सहा कोलांट्या जमल्या. 

२४ मे, रविवार

हरले.

आमचा तलाव पंचवीस मीटरचा. पन्नास म्हणजे जायचं, वळायचं, यायचं. जाताना मी फुलपाखराच्या पुढे, चांगली अंगभर! कोलांटीही लागली. पण एक टाच घसरली, रेटा अर्धाच बसला आणि ती बाजूने सटकली. वीतभराने गेलं. गॉगलमध्येच रडून घेतलं, कुणाला कळत नाही.

सर घड्याळ घेऊन आले. "ताई, वळणावर गेलं." मला काय डोळे नाहीत?

२६ मे

राग उतरला. छे, खोटं कशाला लिहू, आहे अजून. पण वळण माझं कच्चं होतं, सरांचं बरोबर होतं. तसं त्यांना सांगूनही आले.  फुलपाखराला शुभेच्छा दिल्या तर म्हणते, "सरळ पोहण्यात मला तुमच्या नखाचीही सर नाही हो." एवढं चांगलं बोलायची काही गरज नव्हती.

७ जून, रविवार

शर्यतीचा तलाव. कपडे बदलायच्या खोलीत बसून लिहितेय. हा तलावच पन्नास मीटरचा आहे! एकीने एकदा पलीकडे जायचं, झालं. वळायचंच नाही! सरांनी पत्रात 'पन्नास' वाचलं आणि आपल्यासारखंच जाणं-येणं धरलं. इकडचा तलाव केवढा, हे एकाही शहाण्याने विचारलं नाही. मीसुद्धा नाही! महिनाभर नाकातोंडात पाणी — कशासाठी?

सरांना धरून झाडणारच होते. तेवढ्यात फुलपाखरूच त्यांच्यासमोर उभी राहिली. "मग सर, मी इथे काय करतेय?" डोक्यावरची टोपी काढून तिने माझ्या हातात दिली. सर कागद घेऊन नाव बदलायला पळाले.

आमचा पुकारा झाला. जाते.