तलावातली हवा

पवनी,
१४ ऑगस्ट २००३

चि. रंजूस सुखरामदादाचे पोटभर आशीर्वाद.

तुझी राखी पोचली, पण पौर्णिमा उलटून गेल्यावर. मी ती स्वतःच दाताने गाठ मारून बांधली, त्यावर तुझी वहिनी दिवसभर हसत होती.

शाळेतला माझा ‘आजचं नवल’चा फळा जोरात आहे. चावी आणि पगार हे दोन्ही शब्द पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आले असं लिहिलं, तर हेडमास्तर म्हणाले की पगार एवढ्या लांबून येतो म्हणूनच उशीर होतो वाटतं. काल लिहिलं की माशाला पापण्या नसतात, तो डोळे उघडे ठेवून झोपतो आणि मांगूर माशाला अख्ख्या अंगाने चव कळते. पोरं मात्र नवेगावबांधचा तलाव अजून भंडारा जिल्ह्यातच लिहितात. जिल्हा तुटून चार वर्षं झाली, पण त्यांच्या डोक्यातला नकाशा काही तुटत नाही.

आमच्या जवायांचा, केवळरामजींचा, सोसायटीच्या तलावातला मासा कसा वाढतो आहे? श्रावणात गिऱ्हाईक नाही, तोवर वाढू द्या म्हणावं. पोळा झाला की मी पिशवी घेऊन येतोच. छोटूला पापा.

तुझ्या मायेचा भुकेला,
सुखराम

मु. टोली, पो. करडी
१८ ऑगस्ट २००३

ती. सुखरामदादास रंजूचा सा. न. वि. वि.

दादा, पिशवी घेऊन येऊ नकोस. आपला तलाव मेला.

चार-पाच दिवस आभाळ भरलेलं होतं, वाऱ्याचा पत्ता नव्हता. परवा फटफटायला हे तलावावर गेले आणि तिथूनच ओरडत आले. मी धावत जाऊन पाहिलं, तर पाणी दिसतच नव्हतं. रोहू, कतला पोट वर करून पडलेले. काही अजून जिवंत होते, ते वरती येऊन तोंड उघडून आचके देत होते. मासेमारीवर जगणाऱ्या अख्ख्या ढीवरटोलीचं वर्ष त्या पाण्यात होतं. श्रावणात मासा भरावा म्हणून यांनी गाडी-गाडीने शेण आणि कोंडा टाकला, लेकरासारखं वाढवलं. मी तलावाच्या पाळीवर बसून रडले रे.

पण त्याहून वाईट पुढेच आहे. तलावाला लागून आनंदरावांची धानाची बांधी आहे. त्यांच्या शेताच्या धुऱ्यावर तेल काढून उरलेल्या मोहाच्या ढेपेचं रिकामं पोतं सापडलं. ढेपेने मासा मरतो हे आपल्या लोकांना सांगावं लागत नाही. नवं बीज सोडण्याआधी जुने मासे संपवायला आपणच ती टाकतो. उन्हाळ्यात सोसायटीने आनंदरावांना धानासाठी पाणी दिलं नव्हतं. मग काय, सगळ्यांच्या आधी हेच ओरडले की आनंदरावानंच दावा साधला. सोसायटीचे अध्यक्षच म्हटल्यावर बाकीचे कशाला मागे राहतात? आनंदराव सांगून राहिले होते की मी ढेप धानात टाकली, खेकडे बांधी पोखरून राहिले म्हणून. कोणी ऐकलं नाही.

आता त्यांच्या निंदणाला कोणी जात नाही, दुकानदार मीठसुद्धा देत नाही. त्यांच्या घरच्या बायजाबाई हातपंपावर आल्या की बाया हंडे उचलून निघून जातात. छोटूच्या बाळंतपणात माझं डोकं मांडीवर घेऊन बसलेली ही बाई, दादा. काल मीही हंडा उचलला. आपल्याकडची तरणी पोरं काठ्या काढून बसली आहेत, आनंदरावांच्या मोहल्ल्यातलीही गप्प बसणार नाहीत. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैठक आहे, मग पोलिसात तक्रार. मला फार भीती वाटते.

तुझ्या फळ्याचा कधी काही उपयोग व्हायचा असेल, तर तो आत्ता होऊ दे. वहिनीला नमस्कार.

तुझी माया कमी न होवो,
रंजू

पवनी,
२१ ऑगस्ट २००३

चि. रंजूस आशीर्वाद.

पत्र हातात पडलं तसा उत्तराला बसलो. मी स्वतः आलो असतो, पण तुझ्या वहिनीचा ताप उतरत नाही. करडीच्या फोनवर बोलवावं, तर गावभर बोभाटा होईल.

मला आधी एकच सांग. मरळ आणि मांगूर मेले का? पाळीवर जाऊन नीट बघ. हे मासे पाण्यावर तोंड काढून आपल्यासारखी हवा घेतात. रोहू-कतलाला ते जमत नाही, त्यांना पाण्यात विरघळलेलाच प्राणवायू लागतो. मोहाची ढेप मात्र कोणालाच सोडत नाही, मरळीलाही नाही. म्हणूनच तर आपण ती वापरतो.

आणि एक नवल ऐक. पाण्यातलं शेवाळ आणि गवत दिवसा उन्हात प्राणवायू सोडतं, पण रात्री तेही आपल्यासारखाच तो ओढून घेतं. आभाळ भरलेलं असलं की दिवसाची भरपाई होत नाही. त्यात शेण कुजायला लागलं की तेही प्राणवायू खातं. पहाटेपर्यंत पाण्यात काही उरतच नाही, म्हणून मासे तोंड वर काढून आचके देतात. तू लिहिलंस ते हुबेहूब असंच आहे.

रंजू, उत्तर सापडलं तेव्हा मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. फळ्यावर उद्या हेच लिहायचं असं मनात ठरवूनही टाकलं. मग तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि शेण कोणी टाकलं ते ध्यानात आलं. त्यांना कसं सांगायचं ते मला सुचत नाही. पण सांग. हे दाबून ठेवलंस तर एका निरपराध माणसाचा बळी जाईल.

तुझ्या काळजीत असलेला,
दादा

मु. टोली, पो. करडी
२९ ऑगस्ट २००३

ती. दादास रंजूचा सा. न. वि. वि.

मरळ जिवंत होती. तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी ती पाण्यावर येताना पाहिली, एकदा नाही, कितीदा.

यांच्यासमोर ताट ठेवलं आणि पत्र वाचून दाखवलं. शेणाचा मजकूर आला तसे हे ताट सारून उठले आणि बाहेर निघून गेले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मला वाटलं, आता माणूस गप्पच बसणार. मी मनातल्या मनात त्यांना नाही नाही ते बोलले.

बैठकीच्या दिवशी मात्र फेकजाळं खांद्यावर टाकून गेले. चावडीवर बसलेल्या सगळ्यांना म्हणाले की आधी तलावावर चला, मग बोलू. तिथे जाळं टाकलं, तर मरळ आणि मांगूर उड्या मारत वर आले. हे सगळ्यांसमोर म्हणाले की ढेप असती तं हे वाचले नसते, शेण मी टाकलं, मासे माह्याच हातानं मेले. पोरं ऐकेनात. पण टोलीतले सर्वांत म्हातारे धनीरामजी मरळ हातात घेऊन म्हणाले की केवळराम खरं बोलून राहिला. मग काठ्या घरी गेल्या. तक्रारही करायची राहिली. मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू!

संध्याकाळी आम्ही दोघं आनंदरावांकडे गेलो. त्यांनी बसायला टाकलं, बायजाबाईंनी पाणी आणलं. यांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. शेवाळ, आभाळ, शेण, अगदी तुझ्या फळ्यासारखं. आनंदराव शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग म्हणाले की केवळराम, मासे काहून मेले ते समजलं, बेस झालं. आता मले एवढंच सांग, मरळ मेली असती तं मी गुन्हेगार ठरलो असतो का?

यांनी पाण्याचा गिलास तसाच खाली ठेवला. आम्ही उठून आलो.

आज सकाळी आम्ही दोघं त्यांच्या बांधीत निंदणाला गेलो. त्यांनी या म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. बायजाबाई माझ्या शेजारच्या ओळीत दिवसभर निंदत होत्या. उद्याही जाऊ.

वहिनीच्या तापाचं लगेच कळव. वडीलधाऱ्यांना नमस्कार. रागावलास तरी माया सोडू नकोस.

तुझी,
रंजू