औषधाच्या होडीतली पेज

कुट्टनाड, केरळ, शुक्रवार

सावित्रीचेची, थोरल्या बहिणीला धाकट्या सतीचा वाकून नमस्कार.

मी खुशाल आहे. अम्माचा गुडघा कसा आहे? मला एक नोटीस आली आहे, पण ते तिला कळू देऊ नकोस. विचारलंच, तर सरकारने सतीला पत्र धाडलंय म्हण. खोटं होणार नाही.

बांधावर एकट्या राहणाऱ्या तंकम्माला आमच्या आरोग्य केंद्राची होडी सकाळी आठला इन्सुलिन पोचवते आणि पंचायतीची होडी दुपारी एकला जेवण. मधल्या वेळात साखर उतरून म्हातारी दोनदा चक्कर येऊन पडली. "पोरी," ती म्हणाली, "तुझी सुई वेळेवर येते, माझा भात मात्र कचेरीतून निघतो."

अच्छनांनी आपल्या दोघी लेकींकडून घोकून घेतलेलं सगळं तर्कशास्त्र मी, जेवण सुईबरोबरच पोचावं म्हणून, दोन्ही कचेऱ्यांत खर्चलं. शेवटी पेजेचं पातेलंच औषधाच्या होडीत ठेवलं.

आमच्या केंद्राचे साहेब म्हणाले, "सिस्टर, पेज हे औषध आहे का?"

"नाही साहेब. पण ती होडीत चालत नाही, असं लिहून द्या. खाली सही करा. मी ते तंकम्माला वाचून दाखवते."

सही झाली नाही, नोटीस आली. मी उत्तर पाठवलं आणि पातेलंही.

आता तंकम्मा पायरीवर बसून असते, एका हातात ताटली, दुसरा सुईसाठी पुढे. तीन आठवड्यांत पडलेली नाही.

माळ्यावरचं झाकणाचं मोठं पातेलं लगेच पाठव. पलीकडच्या बांधावर आणखी तिघं सुईवर आहेत.

तुझी, अजून नोकरीत असलेली,
सती