बयाबाईचा हात

कोपरखैरणे, ४ फेब्रुवारी १९८७
लेकीच्या नव्या घरी पोचलो. घर लहान, पण उजेड भरपूर. देव पूर्वेला मांडले, बरं वाटलं. नंदिनीला पाचवा महिना. मागे तिच्या गर्भपिशवीच्या तोंडावरचा खराब भाग कापून काढावा लागला. ठेवला असता तर कर्करोग झाला असता. त्याने तोंड कमजोर झालं, म्हणून डॉक्टरीणबाईंनी आता तिथे दोऱ्याचा टाका घालून गाठ मारली आहे. नवव्या महिन्यात त्याच सोडतील. आधी सुटली तर मूल वाचणार नाही. तोवर झोपून राहायचं. तिची आई नाही, म्हणून मी आलो. मला पाहून म्हणाली, "अण्णा, वरण तेवढं करपवू नका."

८ फेब्रुवारी
तांदळाच्या पोत्याची सुतळी सुटलेली. मीच बांधली होती. कपडे वाळत घालायची दोरीही खाली. जावई सुभाषराव हसले. म्हणाले, गावाकडच्या गाठी इथे टिकत नाहीत.

११ फेब्रुवारी
मासळीवाली रखमा दारावर टेकली. सांगत होती, या इमारतीच्या जागी बयाबाई सुईणीचं घर होतं. बाळंतीण अडली की बया घरातली कुलपं उघडायची, पोत्यापासून वेणीपर्यंत सगळ्या गाठी सोडायची. "तिच्या हातान एक बी बाय अरली नाय, दादा. मेली, तरी पोरींना इसरली नाय."
मला भरून आलं. संध्याकाळी उंबऱ्यापाशी नारळ फोडला. हात जोडून म्हटलं, बये, माझ्या लेकीला तुझा हात लागू दे.

१३ फेब्रुवारी
कपाटाचं कुलूप उघडं. किल्ली माझ्या खिशात. माझी तुळशीची माळ सुटून मणी देवांपुढे पसरले. नंदिनीची वेणी मोकळी. म्हणते, कुणीतरी मायेने सोडली, हात ओला होता.

१४ फेब्रुवारी
मीच बोलावलं. ही एक गाठ राहायला हवी, हे तिला कोण सांगणार? दुसरा नारळ ठेवला, विनवलं — बये, हिला नको. परत जा.
नारळ जागच्या जागी. शेंडी उकललेली.

१५ फेब्रुवारी
मंगळसूत्राचा दोरा सुटला. कंबरेत कळ. सुभाषराव टॅक्सी आणायला धावले —
नाम घेतो, पुढचा शब्द आठवत नाही. म्हणून लिहीत बसलोय.
पांघरुणाखाली काहीतरी हलतंय. तिचे दोन्ही हात तर बाहेर, उशीवर —
नंदिनी डोळे मिटून म्हणाली, "अण्णा, ती सांगतेय, भ्यू नको बाय, येकच गाठ रायली."
मी पांघरूण