बार कुणी उडवला

आबा,

तुमची बंदूक माझ्याकडे आली. घाट उतरून, रीतसर कागदांनिशी, माझ्या नावावर. आतल्या खोलीत भाताच्या कणगीमागे लोखंडी कपाट आहे, त्यात कुलपात उभी आहे. आणली त्या दिवशी मला वाटलं होतं, कपाट लावताना तरी रडू येईल. आलं नाही. तुम्ही गेलात तेव्हाही आलं नव्हतं. बायका म्हणत होत्या, मोकळं कर गं स्वतःला, आणि मी चुलीवरचं पाणी उतू जातंय का ते बघत होते. अंगणवाडीत इतकी वर्षं पोरांना बोलकं करायचं काम केलं, पण स्वतःच्या आत काय आहे ते विचारलं तर मला धड सांगता येत नाही. म्हणून लिहून बघते.

ती बंदूक म्हणजे आपल्या घरातलं एक माणूसच होतं. आजोबांच्या वेळची, ठासणीची, डुकरांपासून भात राखायला मिळालेली. खंडेनवमीला तिला झेंडूचा हार, आणि निवडणूक आली की घोंगडीत गुंडाळून तिची पौडच्या ठाण्यात रवानगी. एकदा तुम्ही मलाही बरोबर नेलं होतं. एसटीत दोन माणसांच्या सीटवर तुम्ही आणि बंदूक बसला होतात आणि मी उभी होते. कंडक्टर हसून म्हणाला, तिचं तिकीट काढलं का? तुम्ही हसला नाहीत. तुम्ही फारसे हसतच नव्हता. ठाण्यात देण्याआधी गज नळीत सोडून, ती रिकामी आहे हे तुम्ही दोनदा बघितलंत, आणि परत येताना मला खिडकीशी बसवलंत.

तुम्ही गेल्यावर आपल्या धाकट्यानं ती ठाण्यात जमा केली आणि विसरून गेला. सोळा वर्षं पडून होती. मग कागद आला, वारसांनी न्यावी, नाहीतर नष्ट करू. त्यानं मला फोन करून सांगितलं, आक्का, एक सही कर, कटकट मिटवून टाकू. सही करायला मी काही नवी नाही. तुमच्या वर्षश्राद्धानंतर जमिनीच्या हक्कसोडपत्रावर मीच सही केली होती, हूं की चूं न करता. आपल्याकडे बहिणी करतातच. साडी मिळाली, दिवाळीला माहेर राहिलं. आता ते वावर पुण्याच्या लोकांचं फार्महाऊस झालंय, आणि जिथं राखणीचा माळा होता तिथं पोहायचा हौद आहे. त्याचंही मला काही वाटलं नाही. पण या सहीला मी नाही म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला नाही म्हटलं असेन. तो म्हणाला, "तुला कशाला पायजे ती?" मी म्हटलं, "माज्या बापाची हाय."

मग कळलं, शेतीरक्षणाचा परवाना हवा तर नावावर शेती हवी. मी तर माझी शेती स्वतःच्या हातानं सोडून बसलेली. सातबाऱ्यावर नाव नाही, तर राखायचं काय? सगळं तिथंच थांबलं असतं. पण माझे मालक एके दिवशी सकाळी न बोलता उठले, तलाठ्याकडे गेले आणि घाटाखालच्या आमच्या भाताच्या तुकड्यावर माझं नाव लावायचा अर्ज देऊन आले. ते तुमच्यासारखेच कमी बोलतात, पण त्यांची भीती वाटत नाही. नाव लागलं, अर्ज गेला, ना-हरकत आली. शेवटी इकडच्या जिल्ह्याच्या कचेरीत मला बोलावलं. समोर एक तरुण बाई होत्या, आमच्या मोठीच्या वयाच्या. कागद चाळत त्यांनी सहज विचारलं, याआधी कधी बंदूक चालवली आहे का?

मी म्हटलं, नाही.

आबा, विचार करून नाही म्हणाले असते तर गोष्ट वेगळी. पण ते तोंडातून आपोआप गेलं.

मी चौदा वर्षांची, धाकटा बारा. भाताच्या लोंब्या भरल्यात, दिवस मावळतोय. तुम्ही पौडला गेलेले, एसटी चुकलेली. आम्ही दोघं माळ्यावर बसलोय, बंदूक शेजारी. तुम्ही रोज दिवेलागणीला एक बार हवेत उडवायचात. आज कोण उडवणार, असं आम्ही बोलतोय तोवर ओढ्याकडून भात हलायला लागतं. एक डुक्कर नाही, आख्खा कळप. धाकटा कान झाकून खाली बसतो. मी मात्र बंदूक उचलते. मला कुणी शिकवलं नव्हतं, पण ठासायच्या चिंध्या मीच फाडून देत होते ना? दारू किती, मग चिंधी, गज किती वेळा हाणायचा, वर छर्रे, पुन्हा चिंधी, शेवटी घोड्याखाली बार पेटवणारी टोपी. सगळं पाठ होतं. घोडा मागं ओढला, दस्ता उजव्या खांद्याला लावला आणि आभाळाकडे नळी करून चाप दाबला. मी मागं आपटले. डोळे उघडले तेव्हा कळप ओढ्यापलीकडे गेला होता आणि धाकटा रडत होता.

तुम्ही अंधार पडता पडता आलात. वस्तीवरची माणसं जमलेली, बार कुणी उडवला म्हणून विचारत होती. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, माझ्या काळ्या झालेल्या हातांकडे बघितलंत, आणि म्हणालात, "पोरानं उडवला." सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली. मग स्वयंपाकघरात तुम्ही आईला बाहेर पाठवलंत, स्वतः पळीत तेल-हळद गरम केलीत आणि माझ्या निळ्या पडलेल्या खांद्याला लावलीत. इतक्या हळू हातानं तुम्ही मला कधी शिवला नव्हता. आणि म्हणालात, "कुनाला सांगायचं न्हाई. बंदूक चालवनारी पोर कोन करून घेईल?" मी मान हलवली. शाबास म्हणाल म्हणून बराच वेळ तिथंच बसले. तुम्ही पळी धुऊन जागेवर ठेवलीत.

गावात ती गोष्ट वाढत गेली. पुढच्या दसऱ्याला धाकट्यानं एक डुक्कर पाडलं होतं, त्याच्या पुढच्या वर्षी दोन. एकही डुक्कर मेलं नव्हतं हे आपल्या तिघांनाच माहीत होतं, आणि तिघंही गप्प.

परवान्यासाठी मला शिकून दाखल्याचा कागद आणायला सांगितला. दोन दिवस एका निवृत्त फौजदारापुढे मी बंदूक कशी धरायची ते शिकत होते. मुद्दाम दस्ता चुकीचा धरला, मुद्दाम दचकले. ते म्हणाले, या वयात छान शिकलात बाई, हात स्थिर आहे. मी पदरानं तोंड पुसलं. हसू आलं असतं तर बरं झालं असतं.

आणायला धाकटाच आला, गाडी घेऊन. ठाण्यात हवालदारानं बंदूक सरळ त्याच्या हातात दिली. मग कागद बघून म्हणाला, "बाईंच्या नावावर हाय व्हय?" आणि त्याच्याकडून घेऊन माझ्याकडे दिली. वाहतुकीच्या परवान्यावर लिहिलं होतं, कुठून कुठवर, कुठल्या रस्त्यानं. मी ती मागच्या सीटवर ठेवून शेजारी बसले. ताम्हिणी ओलांडल्यावर जिल्ह्याच्या हद्दीची पाटी लागते, तिथं ढाब्यावर धाकट्यानं गाडी थांबवली. मी खाली उतरले नाही, बंदूक सोडून जाता येत नव्हतं. तो चहा घेऊन गाडीपाशीच आला आणि काचेतून तिच्याकडे बघत राहिला. "आक्का, त्या दिशी मी बार उडवला ना, तवा खांदा असा दुखला व्हता बघ. आठ दिस हात वर जात नव्हता." असं म्हणून तो खांदा चोळायला लागला, डावा. तो उजव्या हाताचा माणूस आहे. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. तो खोटं बोलत नव्हता आबा. त्याला खरंच तसं आठवत होतं. तेव्हा मला आत कुठंतरी दुखायला हवं होतं. चहात साखर जास्त होती, एवढंच जाणवलं. पाटी मागं पडली, आणि बंदूक तुमच्या जिल्ह्यातून माझ्या जिल्ह्यात आली.

हे सगळं तुम्हाला सांगायचं म्हणून लिहायला बसले नव्हते. सांगायचं आहे ते परवाचं.

परवा घराला लागून असलेल्या आमच्या तुकड्यात डुकरं शिरली. दिवस मावळत होता. मालक दुखऱ्या गुडघ्यानं खाटेवर पडलेले होते. मी कपाट उघडलं. दारू, चिंधी, गज, छर्रे, चिंधी, टोपी. हातांना काही विचारावं लागलं नाही. बांधावर उभी राहिले, नळी आभाळाकडे केली. आवाज डोंगरावर आपटून परत आला आणि डुकरं गेली. खांदा झिणझिणत होता, आणि सोळा वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं की आता काहीतरी होईल, छाती भरून येईल. शेजारीण पाटीभर गवत घेऊन धावत बांधापर्यंत आली. "अगं, बार कुनी उडवला?"

परवाना माझ्या नावावर, सातबारा माझ्या नावावर, बंदूक माझ्या हातात. नळीतून अजून धूर निघत होता. आणि मी म्हटलं, "ह्यांनी."

मालकांनी ते घरातून ऐकलं. रात्री जेवताना त्यांनी तेलाची पळी माझ्याकडे सरकवली. मी हळद घातली, स्वतःच लावली. डावा हात उजव्या खांद्याला मागपर्यंत नीट पोचत नाही.